खोगिरावरचा हात

ज्या जागी सिनेमा संपत असे त्या जागी तो आज संपला नाही. केशवने सवयीने रिमोट उचलला होता, अंगठा बटणावर टेकवण्याच्या बेतात होता. गेली सदतीस वर्षं याच जागी तो असा अंगठा टेकवत आला होता. लाकडी घराच्या दारात उभी असलेली म्हातारी, अंगणात तिचा थोरला मुलगा, त्याचा हात घोड्याच्या खोगिरावर, म्हातारी काहीतरी बोलते, वारा सुटतो, आणि मग फीत संपून पडद्यावर मुंग्या. आज मुंग्या आल्या नाहीत. थोरल्याने खोगिराचा पट्टा आवळला, रिकिबीत पाय घातला आणि तो घोड्यावर बसला. राहत्या घराच्या भिंतीत अचानक दार दिसावं, पलीकडे आणखी एक खोली असावी आणि तिच्यात इतकी वर्षं दिवा जळत असावा, तसं केशवला झालं. अंगठा हवेतच राहिला. थोरला डोंगर उतरला, गावोगाव विचारत गेला, बर्फ पडला, वितळला, आणि एका नदीकाठी मोडक्या गाडीच्या चाकाला टेकून बसलेला धाकटा भाऊ त्याला सापडला. धाकट्याने मान वर केली नाही. खाली पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली. गोऱ्यांची ती बोली केशवला कानाने कधीच धड कळली नव्हती, पण बियाणे कंपनीत तीस वर्षं इंग्रजी कागद वाचलेल्या डोळ्यांना अक्षरं लगेच कळली. 'मला वाटलं, तुमच्यापैकी कुणी यायचंच नाही,' असं धाकटा म्हणत होता. केशवने सिनेमा मागे घेतला, म्हातारीपर्यंत. तिच्या पायाशीही अक्षरं होती. 'तो आपण होऊन यायचा नाही. लाज त्याला येऊ देणार नाही. तू जा.'

स्वयंपाकघरातून शरयूचा आवाज आला, "झाला का बघून? मच्छिंद्रभाऊ येतील दोनपर्यंत. जेवू घालूनच बसवा त्यांना, उपाशीपोटी सिनेमा नको." डिस्क केदारने तीन महिन्यांपूर्वी परदेशातून पाठवली होती, वाढदिवसाची म्हणून. मुलाने हौसेने शोधून काढली होती: बाबांची आवडती, ती कायम लावायचे ती, पण नवी कोरी, पूर्ण. त्या 'पूर्ण' शब्दानेच केशवने तिचं प्लास्टिक फोडलं नव्हतं. आज फोडलं, कारण काल जुन्या मित्राचा, मच्छिंद्रचा, शहागडहून फोन आला होता. "बुवा, आईचं तेरावं झालं परवा. शेवटाला मह्यी वळख न्हवती राह्यली तिला. पण तुह्यं बोलणं पाठ होतं. दाराकडं पाहून म्हणायची, बुवाच्या केशवानं सांगितलंय, येतो म्हणून. मंग मह्या मनात आलं, एकदा तो घोड्याचा पिक्चर पाहून यावं. हाय ना अजून तुह्याकडं?" आहे, असं केशव म्हणाला होता. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तो कपाटासमोर उभा होता.

लोखंडी कपाटात तीनशे अठ्ठ्याऐंशी कॅसेटी होत्या. काळे-पांढरे जुने सिनेमे वरच्या तीन फळ्यांवर, घोड्यांचे खाली. हैद्राबादच्या रविवारच्या फूटपाथवरून, मुंबईच्या भंगारातून, औरंगाबादच्या बंद पडलेल्या लायब्रऱ्यांच्या पोत्यांतून एकेक करून आणलेल्या. कंपनीत बियाणं जपायचं काम होतं, तीच रीत त्याने कॅसेटींना लावली. ओल शोषणाऱ्या निळ्या दाण्यांच्या पुड्या प्रत्येक फळीवर. दाणे गुलाबी पडले की भाजून पुन्हा निळे करायचे. महिन्याच्या पहिल्या तारखेला एका फळीवरच्या सगळ्या कॅसेटी पुढे पळवून मागे घ्यायच्या, म्हणजे फीत चिकटत नाही. शरयू म्हणायची, "माझ्या देवांना एवढं सोवळं नाही, जेवढं तुमच्या कॅसेटींना आहे." तो हसायचा. लोकांना सांगायचा, मला जुन्या सिनेमाचा नाद आहे. स्वतःलाही तेच सांगत आला होता. पण आज, अंगठा हवेत असताना, एक गोष्ट त्याच्या मनात उघडी पडली, उकरल्यावर कुजलेलं बी दिसावं तशी. हैद्राबादेला एकदा एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे हाच सिनेमा मिळाला होता, मूळ छापील खोक्यातला, अख्खा. केशवने तो हातात घेतला होता. खोक्याच्या पाठीवर लांबी छापली होती, आपल्या कॅसेटीपेक्षा चार मिनिटं जास्त. त्याने तो परत ठेवला आणि दुसरेच तीन सिनेमे घेतले. गाडीत बसल्यावर त्याला फार हलकं वाटलं होतं. तीनशे अठ्ठ्याऐंशी कॅसेटी म्हणजे चार मिनिटांभोवती बांधलेली भिंत होती, आणि ती त्याने स्वतःच्या हातांनी, पुड्या ठेवून ठेवून, कोरडी राखली होती.

वडिलांना लोक बुवा म्हणत; ते अंबडला कीर्तन करीत. मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी, नवरात्रात, नऊ दिवस. केशव सहा वर्षांचा असल्यापासून झांज घेऊन त्यांच्या मागे उभा. आजही डोळे मिटले की त्याला तो बुक्क्याचा वास येतो, पेटीचा भाता दिसतो, आणि पूर्वरंग संपून आख्यान सुरू होताना मंडपात पसरायची ती ऊब कळते; बाया मांडीवरचं पोर सावरून पुढे सरकायच्या, म्हातारे काठ्या आडव्या ठेवायचे, जणू आता आपल्याच घरातली गोष्ट निघणार. जगात इतकं गोड दुसरं काही नाही, असं त्याला तेव्हा वाटे, आणि खरं तर अजूनही वाटतं. एका वर्षी अष्टमीला वडील आख्यानाच्या मध्यावर अडकले. पुढचं आठवेना. केशवने मागून पाहिलं, त्यांचा कान लाल झाला होता. मग त्यांनी हात जोडले आणि साध्या आवाजात म्हणाले, "मायबाप, पुढचं मला आठवत नाही. खोटं जोडून सांगवत नाही. तोवर नाम घेऊ." मंडप पाव तास नाम घेत राहिला. कुणी उठलं नाही. रात्री घरी केशवने विचारलं होतं, तुम्ही काहीतरी जोडून का नाही दिलं, कुणाला कळलं असतं? वडील उपरणं घडी करत म्हणाले होते, "समोर कोण बसलंय आणि काय घेऊन बसलंय ते आपल्याला कुठं ठाऊक असतं?" त्या वेळी ते त्याला म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं होतं.

मच्छिंद्रने व्हीसीआर आणला तेव्हा केशव नुकताच जालन्यात नोकरीला लागला होता. शहागडला हायवेवरच्या हॉटेलामागे पत्र्याची शेड होती. बाजाराच्या दिवशी, दुपारी, तिथे सिनेमा. इंग्रजी कॅसेटी स्वस्तात मिळत आणि घोडे सगळ्यांना आवडत, पण बोलणं कुणाला कळत नसे. एकदा गंमत म्हणून केशव टीव्हीशेजारी उभा राहिला आणि सांगायला लागला. त्यालाही निम्मं कळत नव्हतं. पण गोष्ट कशी चालते ते कळत होतं. ते त्याने झांज वाजवता वाजवता पंधरा वर्षं ऐकलं होतं. "हा आला फौजदार, मंडळी. पायात बूट एकच, दुसरा बायकोनं लपवलाय, निवडणूक झाल्याशिवाय द्यायची नाही म्हणते." शेड हसायची. रडवायचं तिथे रडायची. लोक नंतर नंतर सिनेमा बघायला नव्हे, बुवाच्या केशवाला ऐकायला येऊ लागले. मच्छिंद्रची आई, सगुणाबाई, मागच्या बाकावर पदर ओढून बसायची आणि शेवटी पडद्याला नमस्कार करून उठायची. यंत्र मच्छिंद्रचा धाकटा भाऊ कल्याण चालवायचा. बावीस वर्षांचा, अबोल. फीत चालू असताना यंत्रावर तळवा ठेवून बसायचा, जनावराची नाडी बघावी तसा. एका बाजाराला यंत्राने कॅसेट गिळली. फीत ओढून काढताना तुटली. भाड्याची कॅसेट. मच्छिंद्रने भरल्या शेडमध्ये कल्याणच्या मुस्काटात मारली. कल्याणने हात पुसले, तुटलेली फीत नीट गुंडाळून मच्छिंद्रच्या पुढ्यात ठेवली आणि बाहेर गेला. हायवेवर ट्रक उभे होते. सोळा दिवसांनी तातेराव नावाचा ड्रायव्हर सांगत आला, पोरगं निजामाबादेत हाय, रेल्वे फाटकाजवळच्या ढाब्यावर भांडी घासून राह्यलंय. घरी चल म्हणलो तर नुसतं खाली पाहातं.

मच्छिंद्र दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. पिशवी भरलेली होती. सगुणाबाईने भाकरी बांधल्या होत्या. आणि त्या दुपारी, बाजाराचा दिवस म्हणून, हा सिनेमा लागला. एका कॅसेटीवर दोन सिनेमे बसवायची भाड्याने देणाऱ्यांची रीत होती. दुसऱ्याची शेपटी कापली जायची, जिथे फीत संपेल तिथे सिनेमा संपला. थोरल्याचा हात खोगिरावर, आणि मुंग्या. शेड गप्प. गोष्ट दोन भावांची होती, आणि शेडमधल्या प्रत्येकाला दुसरे दोन भाऊ ठाऊक होते. मच्छिंद्रने सगळ्यांसमोर विचारलं, "मंग? म्हातारी काय म्हणती?" केशवला आठवतं, आणि हे आठवायला नको वाटतं, एक गोड शिरशिरी अंगातून गेली होती. दीडशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. वडिलांच्याही वाट्याला अशी शांतता क्वचितच आली असेल. म्हातारी काय म्हणाली ते त्याला कळलं नव्हतं. पुढे काय होतं ते फितीवर नव्हतं. त्याने आवाज खाली घेतला आणि म्हणाला, "माय म्हणते, हात काढ खोगिरावरचा. जो आपल्या पायानं गेला तो आपल्या पायानंच येतो. शोधायला गेलास तर तो आणखी लांब जाईल. तू फक्त दार उघडं ठेव." मागच्या बाकावरून हुंदका आला. सगुणाबाईने त्या संध्याकाळी गाठोडं सोडून भाकरी शेजारीपाजारी वाटल्या आणि दाराची कडी सुताराकडून काढून घेतली.

पुढच्या बाजाराला सांगू, असं केशवने ठरवलं होतं. मग त्याच्या पुढच्या. पण तोवर ते वाक्य गावाचं झालं होतं. हॉटेलात लोक ते एकमेकांना सांगत. सगुणाबाई, वयाने आईसारखी बाई, त्याच्या पाया पडली. दोन वर्षांनी तातेराव निजामाबादेवरून गेला तेव्हा ढाबाच तिथे नव्हता. त्यानंतर काहीच नाही. कल्याणची मेल्याची खबर नाही, जगल्याची नाही. खोगिरावर थांबणारी ती कॅसेट केशवने भाड्यावाल्याकडून केव्हाच विकत घेतली होती; शहागडला जाणं मात्र त्याने कमी केलं. कीर्तनालाही, शरयूला सोडायला जायचा आणि देवळाबाहेर चपलांजवळ बसून राहायचा. आत आख्यान रंगात आलं की त्याला वाटे, आता कुणीतरी मागून विचारेल, मंग? संत सांगत आले ते सगळं त्याच्या वाक्याच्या उलटंच होतं. गाय वासराची वाट बघत दावणीला उभी राहत नाही, दावं तोडून जाते. देव चालत येतो भक्ताच्या घरी, भक्ताला लाज वाटते म्हणून. लहानपणापासून ज्याने हे ऐकलं, त्यावर झांज धरली, त्याच्याकडून ऐन वेळी नेमकं हेच सांगायचं सुटलं. सुटलं नाही. त्याने गाळलं, कारण 'दार उघडं ठेव' हे कानाला जास्त बरं लागत होतं.

शरयू हात पुसत बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याने तिला ती चार मिनिटं दाखवली, आणि जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "जुनी कॅसेटच लावा ना मग. तिच्यात नाहीच आहे ते."

"आणि शेवटी त्याने विचारलं तर?"

"तर आधी सांगितलंत तेच सांगायचं. सत्तरीला आला माणूस. आई गेलीय. आता त्यांनी काय करायचं हे कळून?" मग उठता उठता, "तुम्हाला हलकं वाटावं म्हणून सांगणार असाल, तर त्यांच्या ताटात वाढू नका ते."

मच्छिंद्र अडीचला आला. डोक्यावर तेराव्यानंतरचे पांढरे खुंट, हातात पेरूंची पिशवी. "वैनी, याला खायला कमी घालत जा, बुवाचं पोट लई पुढं आलं." जेवताना खिडकीबाहेर बघत म्हणाला, "इतक्या बियाच्या कंपन्या हायत तुह्या गावात, अन् गल्लीत झाड म्हणून एक न्हाई." शरयू हसली.  केशवला वाटत होतं, हा असाच बोलत राहावा, गाडीची वेळ व्हावी, सिनेमा राहून जावा. पण मच्छिंद्रने हात धुतले, टोपी मांडीवर ठेवली आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसला, खुर्ची नको म्हणाला. केशवने कपाटातून कॅसेट काढली. डिस्क यंत्रातच होती. त्याने कॅसेट लावली.

चित्र हलत होतं, रंग उडून मातकट झाले होते. मच्छिंद्रला त्याची पर्वा नव्हती. तो पडद्याबरोबर पुटपुटायला लागला. "हा आला फौजदार. बूट एकच." केशव दचकला. मच्छिंद्रला सगळं पाठ होतं, शब्द न् शब्द, थांबण्याच्या जागांसकट. केशवचं चोवीस-पंचविसाव्या वर्षाचं बोलणं म्हाताऱ्या, खरबरीत आवाजात परत येत होतं, आणि ऐकताना केशवला कळत होतं की त्यातला एकही शब्द त्या सिनेमात नव्हता. फौजदाराला बायको नव्हती. निवडणूक नव्हती. दीड तास तो आपल्याच आवाजाचं भूत ऐकत बसला. त्याला शरम वाटत होती, आणि त्या शरमेच्याही तळाशी, अजून, थोडा अभिमान होता. 

म्हातारी दारात आली. थोरल्याचा हात खोगिरावर. वारा. मुंग्या. मच्छिंद्रने पुटपुटणं थांबवलं. हात जोडले. "हे तू सांग बुवा. हे मह्या तोंडून नको. आईसाठी एकदा सांग."

केशवने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. दारात शरयू उभी होती, तिने डोळे मिटून घेतले होते.

"मच्छिंद्र," तो म्हणाला, "याच्या पुढं अजून आहे."

त्याने डिस्क सुरू केली, खोगिरापासून. आता चित्र लख्ख होतं, म्हातारीच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा दिसत होती. केशव काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. थोरला घोड्यावर बसला तेव्हा मच्छिंद्रची पाठ ताठ झाली. थोरला गावोगाव विचारत निघाला तेव्हा तो पुढे सरकला, अगदी पडद्याजवळ, जसं काही त्या गर्दीत त्यालाही कुणी दिसेल. नदी आली. धाकटा आला. धाकट्याने मान वर केली नाही. शेवटची पाटी आली, नावं वर सरकायला लागली.

"ते काय म्हणला? बसलेला."

केशवने सांगितलं. म्हातारी काय म्हणाली होती तेही सांगितलं.

मच्छिंद्र टोपी फिरवत राहिला, मांडीवरच्या मांडीवर. "ही तबकडी कव्हा आली?"

"तीन महिने झाले. आज सकाळी बघितली."

"मंग तुला तरी कुठं ठाव होतं." हे तो इतक्या सहज, इतक्या मायेने म्हणाला की केशवला वाटलं, इथे थांबता येईल. दार उघडं होतं. पाऊल टाकलं की झालं.

"फीत कापलेली आहे ते ठाऊक होतं," केशव म्हणाला. "त्याच दिवशी. पुढं काय आहे ते ठाऊक नव्हतं. मी जोडून सांगितलं."

मच्छिंद्रने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर केशवने तो अंगावर घेतला असता, त्याची तयारी झाली होती. नजरेत फक्त न समजणं होतं, हिशोबी माणसाला अगदी साधी बेरीज चुकलेली दिसावी तसं.

"मंग तव्हा म्हणायचं ना," तो म्हणाला, "टेप सपली म्हणून."

शरयूने चहा आणून ठेवला. मच्छिंद्रने तो प्यायला, बशीत ओतून, शेवटपर्यंत. कप पालथा घातला. उठताना गुडघ्याला हात दिला आणि उभा राहून टोपी घातली. "भाकरी बांधल्या होत्या आईनं," तो शरयूला म्हणाला, माहिती द्यावी तसं. मग चपला घालता घालता, "वैनी, टेशनावरून निजामाबादेकडं गाडी कव्हा हाय?"

"भाऊ, आत्ता? तिथं आता कोण असणार आहे?"

"कोणी नसंल. मला ठाव हाय ना." त्याने पेरूंची पिशवी टेबलावर तशीच ठेवली, रिकाम्या हाताने अंगणात उतरला. "पण जायचं राह्यलंच की."

केशव मागोमाग गेला. पायात काही नव्हतं, फरशी तापलेली होती. "थांब, मी येतो. मी येतो तुझ्यासंगं."

मच्छिंद्र फाटकाशी थांबला. मागे वळला नाही. "तू नको बुवा," तो म्हणाला. "तू तिथं बी कायतरी सांगत बसशील."

फाटक लागलं. स्टेशनच्या रस्त्याने तो चालत निघाला, रिक्षावाल्याला हाताने नको म्हणत, एका लयीत, घाई नसलेला. केशव तापल्या फरशीवर उभा होता. ते खांदे जरा पुढे वाकलेले आहेत, हे त्याला आज पहिल्यांदा दिसत होतं. दोनशे पावलं, अडीचशे. आणि तेवढ्यातही, त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघता बघता, केशवच्या तोंडात एक वाक्य जुळायला लागलं: थोरला निघाला, उशिरा निघाला, पण निघणं हेच पोचणं. चांगलं वाक्य होतं. चालीत बसणारं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारं. केशवने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं आणि तसाच उभा राहिला.